आरोपीच्या पिंजऱ्यात कंपनी असते तेव्हा बॅरिस्टर काय करतो

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात एलएलबीचं शेवटचं वर्ष सुरू आहे. लंडनला जाऊन कंपन्यांचे गुन्हे आणि नियामक संस्थांचे खटले चालवणारी बॅरिस्टर व्हायचं आहे, जमल्यास पुढे ‘केसी’ (किंग्ज काउन्सेल, म्हणजे तिथला ज्येष्ठ वकिलाचा दर्जा). हे काम नेमकं काय असतं, आणि तिथवर पोचायची वाट कशी आहे?

आधी ‘बॅरिस्टर’ या शब्दाबद्दल. महाराष्ट्रात हा शब्द नावाआधी लावायचा किताब होऊन बसला आहे. बॅरिस्टर जयकर, बॅरिस्टर नाथ पै. डॉ. आंबेडकर १९२२ मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. आजही लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल आणि ग्रेज इन या चार ‘इन्स’पैकी, म्हणजे लंडनमधल्या बॅरिस्टरांच्या जुन्या संस्थांपैकी, एकीने ‘कॉल’ केल्याशिवाय, म्हणजे रीतसर दाखल करून घेतल्याशिवाय, बॅरिस्टर होता येत नाही. मात्र नुसत्या ‘कॉल’वर कोर्टात उभं राहता येत नाही. त्यासाठी बारा महिन्यांचं ‘प्युपिलेज’, म्हणजे अनुभवी बॅरिस्टरच्या हाताखालची उमेदवारी, पूर्ण करावी लागते. पहिले सहा महिने फक्त बघायचं आणि लिहायचं. पुढचे सहा महिने देखरेखीखाली स्वतःच्या नावावर केसेस. खरी चाळणी इथे लागते. बार कोर्स पास होणारे पुष्कळ असतात, प्युपिलेजच्या जागा फार थोड्या.

आता काम. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे बॅरिस्टर म्हटलं की ज्युरीसमोरची उलटतपासणी येते. या क्षेत्रात निम्म्याहून मोठं काम त्याआधीच्या कागदांत होतं, आणि कित्येकदा मोठ्या केसीचा सगळ्यात मोलाचा सल्ला ‘गुन्हा कबूल करा, पण कोणत्या आधारावर तो कागद आपण लिहायचा’ एवढाच असतो. एक नमुना घेतला की हे कळेल.

इंग्लंडमधल्या एका कारखान्याच्या गोदामात फोर्कलिफ्टची धडक बसून कामगार मरतो. पोलीस येतात, आणि त्यांच्याबरोबर आरोग्य व सुरक्षा कार्यकारी संस्था, म्हणजे एचएसई. मृत्यूच्या बाबतीत आधी पोलीस पुढे असतात, कारण ‘मॅनस्लॉटर’, म्हणजे सदोष मनुष्यवध, आहे का हे तपासायचं असतं. तसं नाही असं ठरलं की सूत्रं एचएसईकडे जातात. आपल्याकडच्यासारखा पंचांच्या सह्यांचा पंचनामा तिथे होत नाही. निरीक्षक स्वतःच फोटो काढतो, मोजमापं घेतो, यंत्र ताब्यात घेतो आणि कागद मागतो: जोखीम मूल्यमापन, कामाची लेखी पद्धत, प्रशिक्षणाच्या नोंदी, देखभालीचं रजिस्टर, थोडक्यात टळलेल्या अपघातांची वही. सीसीटीव्हीचं चित्रण बहुतेक ठिकाणी काही आठवड्यांत आपोआप पुसलं जातं, म्हणून सॉलिसिटरचा, म्हणजे अशिलाचं काम थेट बघून बॅरिस्टर नेमणाऱ्या वकिलाचा, पहिला फोन कोर्टासाठी नसतो, ते चित्रण जपून ठेवण्यासाठी असतो.

इथे पहिली चूक होते. १९७४ च्या आरोग्य व सुरक्षा कायद्याच्या कलम २० खाली निरीक्षक एखाद्याला उत्तरं द्यायला भाग पाडू शकतो. त्या सक्तीच्या जबाबाचा वापर जबाब देणाऱ्याविरुद्ध करता येत नाही. कंपनीविरुद्ध किंवा वरिष्ठाविरुद्ध मात्र करता येतो. याउलट ‘सावधगिरीचा इशारा’ देऊन घेतलेली मुलाखत ऐच्छिक असते, आणि तिथलं प्रत्येक वाक्य बोलणाऱ्याच्या अंगाशी येऊ शकतं. घाबरलेला फोरमन दोन्हींना ‘साहेबांनी विचारलं म्हणून सांगितलं’ असंच समजतो. कोणती मुलाखत चालू आहे हे आधी विचारणं, आणि कंपनीच्या वतीने तोंडी बोलण्याऐवजी लेखी उत्तर देणं, हा इथला पहिला धडा.

दुसरी चूक अंतर्गत चौकशी अहवालाची. सेफ्टी ऑफिसर प्रामाणिकपणे लिहितो, ‘पादचारी मार्ग आखला नव्हता, तक्रार तीनदा आली होती.’ हा अहवाल नेहमीच्या पद्धतीप्रमाणे, पुन्हा अपघात होऊ नये म्हणून लिहिला असेल तर त्याला वकिली गोपनीयतेचं कवच नसतं आणि एचएसई तो मागून घेते. ते कवच मिळायला खटल्याची रास्त शक्यता दिसत असावी लागते आणि दस्तऐवजाचा मुख्य हेतू तोच असावा लागतो. एसएफओ (गंभीर फसवणूक कार्यालय) विरुद्ध ईएनआरसी ही खाण कंपनी, या प्रकरणात अपील कोर्टाने २०१८ मध्ये हे कवच पुष्कळ रुंद केलं, तरी नंतर शिक्का मारून जुना अहवाल गोपनीय होत नाही. म्हणून वकिलाची लेखी सूचना आधी, अहवाल नंतर.

तिसरी गोष्ट चूक कमी आणि भिडेची जास्त. संचालक आणि कंपनी यांचे हितसंबंध पहिल्या आठवड्यातच फाटतात. कलम ३७ प्रमाणे संचालकाची संमती, डोळेझाक किंवा हलगर्जी यामुळे गुन्हा घडला असेल तर तो स्वतःही आरोपी होतो आणि तुरुंगात जाऊ शकतो. दोघांना एकच वकील ठेवणं स्वस्त पडतं. पुढे त्या वकिलाला दोघांनाही सोडावं लागतं आणि मग ते फार महाग पडतं.

खटल्याची रचनाही विचित्र आहे. कामगाराला धोका होता एवढं सरकारी पक्षाने सिद्ध केलं की पुरे, हे तेव्हा सर्वोच्च कोर्टाचं काम करणाऱ्या लॉर्ड्स सभागृहाने २००८ मध्ये चारगॉट प्रकरणात सांगितलं. ‘वाजवी रीतीने शक्य होतं तेवढं सगळं केलं’ हे सिद्ध करायचा भार कलम ४० मुळे आरोपीवर पडतो, संभाव्यतेच्या पारड्यावर. गुन्हा धोका निर्माण करण्याचा आहे, माणूस मेलाच पाहिजे असं नाही. साहजिकच बहुतेक कंपन्या गुन्हा कबूल करतात, आणि खरी लढाई शिक्षेच्या सुनावणीत होते.

ती लढाई आकड्यांची आहे. १ फेब्रुवारी २०१६ पासून लागू असलेल्या शिक्षेच्या मार्गदर्शक तत्त्वांत तीन प्रश्न विचारले जातात: दोष किती, धोका किती, उलाढाल किती. उलाढाल २० लाख पौंडांपर्यंत असेल तर सूक्ष्म, १ कोटीपर्यंत लहान, ५ कोटीपर्यंत मध्यम, त्यापुढे मोठी. आपल्या गोदामाची उलाढाल ३ कोटी पौंड धरा, म्हणजे मध्यम. जिवाला धोका होता, म्हणजे हानीची ‘अ’ पातळी. तो धोका प्रत्यक्षात उतरण्याची शक्यता मध्यम ठरली तर हानीचा दुसरा वर्ग. आता दोष ‘उच्च’ मानला तर सुरुवातीचा आकडा ४,५०,००० पौंड. दोष ‘मध्यम’ मानला तर २,४०,०००. आणि प्रत्यक्ष मृत्यू झाला, शिवाय इतर अनेक कामगारही त्याच धोक्यात होते म्हणून न्यायाधीशांनी एक वर्ग वर चढवला, तर ‘उच्च’ दोषाला ९,५०,०००. एकच अपघात, आणि २,४०,००० ते ९,५०,००० एवढा फरक तीन-चार विशेषणांवर लटकलेला. थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या वहीतल्या त्या तीन तक्रारी ‘इशारा मिळूनही दुर्लक्ष’ ठरतात की ‘यंत्रणा होती, पण पुरती पाळली गेली नाही’ यात सरकतात, यावर बॅरिस्टरची फी वसूल होते.

कबुली पहिल्याच संधीला दिली तर एक तृतीयांश सवलत. ९,५०,००० चे सुमारे ६,३३,००० होतात, २,४०,००० चे १,६०,०००. पहिल्या टप्प्यानंतर सवलत एक चतुर्थांश, आणि घटत घटत खटल्याच्या दिवशी एक दशांश. ‘बघू, पुढच्या तारखेला ठरवू’ ही आपली सवय तिथे लाखो पौंडांना पडते. म्हणून कबुलीचा लेखी आधार आधी तयार ठेवायचा, आणि ज्याला ‘फ्रिस्कीज शेड्यूल’ म्हणतात तो तक्ता, म्हणजे गुन्हा गंभीर करणारे आणि सौम्य करणारे मुद्दे समोरासमोर, सरकारी पक्षाशी बोलून जमेल तेवढा सहमतीचा करायचा. सहमती होत नसेल आणि फरकाने दंड बदलत असेल तर न्यायाधीश ज्युरीशिवाय पुरावा ऐकतात. त्याला ‘न्यूटन सुनावणी’ म्हणतात. तिथे हरलं की कबुलीची सवलतही कमी होते, तेव्हा ती मागताना हात आखडता ठेवावा. कंपनीचे तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब वेळेवर दिले नाहीत तर कंपनीला कितीही दंड परवडतो असं कोर्ट गृहीत धरू शकतं. हे नवख्याकडून नेहमी राहून जातं.

आणि हो, हा फौजदारी दंड विमा कंपनी भरत नाही. बचावाचा खर्च बहुधा ती भरते. या क्षेत्रातला बॅरिस्टर कायदेशीर मदत निधीवर जगणाऱ्या फौजदारी वकिलापेक्षा बरा कमावतो, त्याचं हे एक साधं कारण. २०२२ मध्ये इंग्लंडच्या फौजदारी बॅरिस्टरांनी फी वाढवून मागण्यासाठी कामबंद आंदोलन केलं, ते त्या दुसऱ्या जगातलं.

मोठ्या आकड्यांचा अंदाज हवा असेल तर: अल्टन टॉवर्स या मनोरंजन उद्यानातल्या ‘स्मायलर’ रोलर कोस्टरच्या २०१५ च्या अपघातासाठी मर्लिनच्या कंपनीला ५० लाख पौंड दंड झाला. नद्यांत आणि समुद्रात सांडपाणी सोडल्याबद्दल सदर्न वॉटरला २०२१ मध्ये ९ कोटी पौंड. याच्या दुसऱ्या टोकाला कॉट्सवोल्ड जिओटेक्निकल ही छोटी कंपनी. २००७ च्या कॉर्पोरेट मॅनस्लॉटर कायद्याखाली दोषी ठरलेली पहिली, २०११ मध्ये; आधार न दिलेला चाचणीचा खड्डा ढासळून तरुण भूगर्भतज्ज्ञ गेला. दंड ३,८५,००० पौंड, तोही दहा वर्षांच्या हप्त्यांत. तुलनेसाठी, आपल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमातल्या कलम ९२ मध्ये मृत्यूच्या प्रकरणी किमान दंड २५,००० रुपये होता.

आता दुसरा अर्धा भाग, कंपन्यांचे आर्थिक गुन्हे. लाच, फसवणूक, खोटे हिशेब, करचुकवेगिरीला मदत. तपास बहुधा गंभीर फसवणूक कार्यालयाकडे, म्हणजे एसएफओकडे. १९८७ च्या कायद्याने ते निर्माण झालं आणि तपास व खटला दोन्ही एकाच छताखाली करतं. या क्षेत्रातला सगळ्यात जुना पेच असा की कंपनीला मन कुठलं? १९७१ च्या टेस्को विरुद्ध नॅट्रस निकालापासून उत्तर होतं: अगदी वरचे दोन-चार लोक, जे कंपनीचं ‘चालतं डोकं’ आहेत. त्यामुळे छोटा कारखानदार सापडायचा आणि बहुराष्ट्रीय कंपनी सुटायची, कारण तिथे लाच देणारा माणूस संचालक मंडळाच्या पाच पायऱ्या खाली असतो. २०१० च्या लाचलुचपत कायद्याच्या कलम ७ ने ही कोंडी फोडली. तुमच्यासाठी काम करणाऱ्याने तुमच्या धंद्यासाठी लाच दिली आणि तुम्ही ती रोखली नाही, तर तोच गुन्हा. बचाव एकच, ‘पुरेशी कार्यपद्धती’ होती हे दाखवायचं. २०१८ मध्ये स्कॅन्सन इंटिरियर्स या सुमारे तीस माणसांच्या कंपनीने तो बचाव ज्युरीपुढे मांडला. आम्ही छोटे आहोत, प्रामाणिकपणाची अपेक्षा सगळ्यांना ठाऊक होती, असं म्हणणं. ज्युरीने मानलं नाही. धोरण कागदावर नसेल, कोणाला शिकवलं याची नोंद नसेल, तर ‘आमच्याकडे सगळे जाणून होते’ या वाक्याला किंमत नाही.

२०२३ च्या आर्थिक गुन्हे व कंपनी पारदर्शकता कायद्याने आणखी दोन दारं उघडली. २६ डिसेंबर २०२३ पासून वरिष्ठ व्यवस्थापकाने आपल्या अधिकारात केलेला आर्थिक गुन्हा कंपनीचाही धरला जातो. आणि १ सप्टेंबर २०२५ पासून ‘फसवणूक रोखण्यात अपयश’ हा गुन्हा मोठ्या संस्थांना लागू आहे: २५० हून अधिक कर्मचारी, ३.६ कोटी पौंडांहून अधिक उलाढाल, १.८ कोटींहून अधिक मालमत्ता, यांतल्या दोन अटी पुऱ्या झाल्या की झालं. इंग्लंडशी धागा जुळत असेल तर मुंबई-पुण्याच्या कंपनीलाही हे लागू होऊ शकतं, आणि त्याबाबतचा सल्ला हे आज तरुण बॅरिस्टरांना मिळणारं मोठं काम आहे.

मोठ्या कंपनीचा खटला मात्र बहुतेक वेळा उभा राहतच नाही. २०१४ पासून ‘डीपीए’, म्हणजे खटला लांबणीवर टाकण्याचा करार, ही सोय आहे: आरोप दाखल होतो, पण कंपनी दंड भरते, नफा परत करते, सहकार्य करते आणि ठरावीक काळ नीट वागली तर आरोप मागे घेतला जातो. करार न्यायाच्या हिताचा आहे आणि त्याच्या अटी न्याय्य, वाजवी, प्रमाणशीर आहेत, असं न्यायाधीशाला पटावं लागतं. जानेवारी २०१७ मध्ये रोल्स-रॉइसने असा करार केला, ४९.७२५ कोटी पौंड आणि वर खर्च. त्यातला एक आरोप भारतातल्या मध्यस्थांबाबतच्या खोट्या हिशेबांचा होता. तपासात सुमारे ३ कोटी दस्तऐवज होते. गंमत पुढे आहे. कंपनी करार करून मोकळी होते, आणि मग त्याच घटनाक्रमावरून अधिकाऱ्यांवर खटला होतो तेव्हा ते सुटतात. टेस्कोच्या बाबतीत झालं, सर्कोच्या बाबतीत झालं. एप्रिल २०२१ मध्ये सर्कोच्या माजी अधिकाऱ्यांचा खटला कोसळला तो कोणाच्या वक्तृत्वाने नव्हे. एसएफओने बचाव पक्षाला द्यायचे दस्तऐवज नीट दिले नव्हते म्हणून. न वापरलेल्या कागदांची यादी ओळ न् ओळ वाचून ‘हे कुठे आहे?’ असं पत्र पाठवणारा कनिष्ठ बॅरिस्टर या धंद्यात सोन्याचा असतो. हे काम कंटाळवाणं वाटत असेल तर दुसरी शाखा निवडा, हे स्पष्ट सांगितलेलं बरं.

कायद्याचा मुद्दा नीट नोंदवून ठेवण्याचं महत्त्व लायबॉर या लंडनच्या बँकांमधल्या व्याजदरात फेरफार केल्याच्या प्रकरणात दिसतं. बँकेतले व्यापारी टॉम हेज यांना २०१५ मध्ये शिक्षा झाली. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण जो प्रश्न ज्युरीने ठरवायचा होता तो न्यायाधीशांनी कायद्याचा मुद्दा म्हणून स्वतःच ठरवून दिला होता. दहा वर्षं. ज्युरीला काय सांगायचं याचा मसुदा न्यायाधीश आधी वकिलांना दाखवतात. त्यावरचा प्रत्येक आक्षेप तेव्हाच, लेखी घेऊन ठेवायचा, पटकन फेटाळला जाणार हे दिसत असलं तरी.

कारकिर्दीचा आकार साधारण असा. बॅरिस्टर चेंबर्समध्ये बसतो, पण नोकर कोणाचाच नसतो. उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा चेंबर्सला देतो, आणि काम आणणारा, फी ठरवणारा क्लार्क त्याच्या दैवाचा अर्धा मालक असतो. आपल्याकडच्या ‘क्लार्क’शी गफलत करू नका. पहिली चार-पाच वर्षं मॅजिस्ट्रेट कोर्टात: नगरपालिकेचे अन्नसुरक्षेचे खटले, कचऱ्याचे, ट्रेडिंग स्टँडर्ड्सचे (ग्राहकांच्या फसवणुकीविरुद्धच्या नियमांचे), शिवाय साधी मारामारी-चोरी. ज्युरीसमोर उभं राहायची सवय तिथेच लागते. मग सरकारी पॅनेलवर नाव लावायचं. एचएसई आणि पर्यावरण संस्थेसाठी खास वकिलांची यादी असते, श्रेणी अ, ब, क. एसएफओचीही वेगळी असते. इंग्लंडची चांगली प्रथा अशी की एकच बॅरिस्टर या महिन्यात सरकारतर्फे आणि पुढच्या महिन्यात कंपनीतर्फे उभा राहतो. ‘कॅब रँक’ नियमाप्रमाणे, आपल्या क्षेत्रातलं आणि रास्त फीचं काम अशील आवडत नाही म्हणून नाकारता येत नाही. दोन्ही बाजू खेळलेल्या माणसाला समोरचा कागद कुठे अडेल ते कळतं. एसएफओमध्ये वर्षभर उसनवारीवर जाणं याच हिशेबाने फायद्याचं.

मृत्यूच्या प्रकरणांत कोरोनरची चौकशीही असते. तिथे कोणी आरोपी नसतो, पण पुढच्या खटल्याचे साक्षीदार तिथेच पहिल्यांदा शपथेवर बोलतात. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीसारखी सार्वजनिक चौकशी वर्षानुवर्षं चालते. आणि प्रत्यार्पण. नीरव मोदी प्रकरणात लंडनच्या वेस्टमिन्स्टर कोर्टाने आर्थर रोड तुरुंगाच्या १२ नंबरच्या बराकीचं चित्रण पुरावा म्हणून पाहिलं. मुंबईची कोर्टं आणि तुरुंग आतून ठाऊक असलेल्या वकिलाला अशा प्रकरणांत खरा उपयोग असतो.

‘सिल्क’, म्हणजे केसी, साधारण पंधरा-वीस वर्षांनी. स्वतंत्र निवड समिती अर्ज तपासते. गेल्या तीन वर्षांतली बारा महत्त्वाची प्रकरणं द्यायची, आणि त्यांतले न्यायाधीश, सहकारी व विरोधी वकील, अशील यांच्याकडून अभिप्राय मागवले जातात. आपल्याकडे ज्येष्ठ वकील हा दर्जा उच्च किंवा सर्वोच्च न्यायालय देतं, त्यापेक्षा हे वेगळं. या क्षेत्रातली अडचण अशी की उत्तम काम कबुलीत आणि करारात संपतं, आणि अभिप्राय द्यायला न्यायाधीशाने तुमची उलटतपासणी पाहिलेलीच नसते. म्हणून अर्जाच्या तीन-चार वर्षं आधीपासून लढवलेले खटले आणि कठीण चौकशा मुद्दाम घ्याव्या लागतात, फी कमी असली तरी.

पुण्याहून वाट. सनद घेतली असेल तर बार स्टँडर्ड्स बोर्डाकडे ‘बदली होऊन येणारे पात्र वकील’ म्हणून अर्ज करा. कोणत्या परीक्षा आणि किती प्युपिलेज माफ ते बोर्ड ठरवतं. आठ-दहा सुनावण्यांतली तुमची प्रत्यक्ष भूमिका सिद्ध करणारे कागद जोडा, नुसती वर्षं मोजून दाखवू नका. सनद नसेल तर बार कोर्स करावा लागेल. शुल्क ठिकाणानुसार सुमारे १३,००० ते २०,००० पौंड. इन्सच्या शिष्यवृत्त्या चांगल्या आहेत, पण अर्ज कोर्सच्या आदल्या शरद ऋतूतच करावे लागतात. तिसरी वाट एसक्यूई ही पात्रता परीक्षा देऊन सॉलिसिटर व्हायची, मग वरिष्ठ कोर्टात उभं राहण्याचा अधिकार घ्यायचा. सॉलिसिटरही केसी होऊ शकतो, आणि परदेशी उमेदवाराला ही वाट बहुधा सोपी जाते, कारण सॉलिसिटरची फर्म नोकरी देते आणि व्हिसाची प्रायोजक होऊ शकते. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या बॅरिस्टरला प्रायोजक कोण, हा प्रश्न शुल्क भरण्याआधी चेंबर्सला लेखी विचारा.

आणि पैसे खर्चण्याआधी आठवडाभर लंडनला जाणं होणार असेल, तर टेम्सकाठच्या सदर्क क्राउन कोर्टात प्रेक्षकांच्या बाकावर बसा. प्रवेश फुकट आहे, ओळखपत्र लागत नाही. चालू असलेला फसवणुकीचा खटला निवडा आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी, जेव्हा फक्त बँकेची विवरणपत्रं पानामागून पान वाचली जातात, तेव्हा जा.